वीस मिनिटं आणि बटणांची बरणी

सुईबाईंचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेलच, पण ते तिथून कधी बाहेर पडलं नाही. दारावरच्या रखवालदारापासून थेट संचालकांपर्यंत सगळे त्यांना सुईबाई म्हणायचे, आणि त्याही फोन उचलला की "हां, सुईबाई बोलतेय" असंच म्हणायच्या. एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं, माणसांच्या हातातून रक्त काढायचं. आधी एका मोठ्या हॉस्पिटलात आणि गेली सहा वर्षं या मेंदूच्या संस्थेत. कोपराच्या आतल्या बाजूला बोटाचं टोक टेकवलं की शीर कुठे दडून बसलीये हे त्यांना कळायचं. दडणाऱ्या शिरेला त्या लबाड म्हणायच्या आणि चटकन सापडणारीला गुणाची. माणसांच्या बाबतीत मात्र हा भेदभाव त्या करत नसत.

त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या अगदी टोकाला होती. खोलीत दोन टेबलं, मध्ये निळा पडदा. पडद्याच्या या बाजूला सुईबाई, त्या बाजूला एक्सप्रेस. एक्सप्रेस हा पस्तिशीतला तंत्रज्ञ, माणूस लाखात एक, पण त्याला कशाचीच सबुरी नव्हती. रबर बांधला, सुई टोचली, तीन नळ्या भरल्या, कापूस लावला, पुढचा. खुर्चीतल्या माणसाला आपण बसलो होतो की नाही हे बाहेर गेल्यावर आठवावं लागायचं. दहा मिनिटांत तीन माणसं हा त्याचा उच्चांक होता आणि तो त्याने भिंतीवर पेन्सिलीने लिहूनही ठेवला होता.

सुईबाईंचं सगळं याच्या उलट. माणूस आला की त्या आधी त्याला बसवायच्या आणि त्याच्या मांडीवर एक मोठी काचेची बरणी ठेवायच्या. बरणीत बटणं. त्यांची धाकटी बहीण शिवणकाम करायची, तिच्याकडची उरलीसुरली बटणं वर्षानुवर्षं या बरणीत साठली होती. "यात एखादी जोडी सापडते का बघा बरं," असं म्हणून त्या स्वतः कापूस आवरत बसायच्या. आता उरलेल्या बटणांत जोडी कुठून असणार? पण माणसं वाकून शोधायला लागायची. एक निवृत्त न्यायाधीश तर रक्त काढून झाल्यावरही उठायला तयार होईना. शोधता शोधता खांदे खाली यायचे, हात गरम व्हायचे, माणूस घरचं काहीबाही सांगायला लागायचा. मग सुईबाई हळूच सुई घालायच्या. "झालं?" असं लोकांनी विचारलं की त्यांना त्या दिवसाचं जेवण गोड लागायचं.

ही संस्था काय करायची, तर मॅडम तिथे नैराश्याची खूण शोधत होत्या. मॅडम म्हणजे मनोविकारांच्या डॉक्टर आणि या सगळ्या कामाच्या प्रमुख. केसांत खोचलेलं पेन दिवसभर शोधत फिरणाऱ्या. त्या खुणेला बायोमार्कर म्हणायच्या, सुईबाई खूणच म्हणायच्या. पहिल्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं, "मधुमेहाला रक्तातली साखर आहे. हृदयाचा झटका आला तरी रक्तात त्याची खूण उमटते. मग जो आजार माणसाला तीन-तीन महिने अंथरुणातून उठू देत नाही, त्याची खूण कुठेच नसेल?" मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात, मेंदूने हुकूम दिला की त्या ताणाचं एक संप्रेरक रक्तात सोडतात. सकाळी ते भरपूर असतं, दिवस चढेल तसं उतरत जातं, आणि माणूस घाबरला की पुन्हा उसळतं. नैराश्यात हे गणित बिघडत असावं असा मॅडमचा कयास होता. ते ऐकताना सुईबाई खुर्चीच्या टोकाला सरकून बसल्या होत्या, आणि त्याला कारण होतं.

कारण म्हणजे धाकटी. पन्नाशीची झाली तरी घरात ती धाकटीच. हातात जादू, जुन्या कोटाचं असं काही करायची की मालकालाही ओळखू येऊ नये. पण दोनेक वर्षांतून एकदा तिच्या शिवणयंत्रावर चादर पडायची. मग दोन महिने, कधी तीन महिने, गिऱ्हाइकांचे कपडे खुंटीवर तसेच लटकत राहायचे आणि धाकटी भिंतीकडे तोंड करून पडून असायची. औषधांनी, डॉक्टरांनी, कधी नुसत्या दिवसांनी ती उठायची. चादर निघायची, यंत्र घरघरायला लागायचं.

आणि होते दादा, दोघींचे थोरले भाऊ. दादांची मोटार शिकवण्याची शाळा होती. जोडब्रेक असलेल्या दोन गाड्या, आणि बाजूच्या सीटवर बसून चाळीस वर्षं घाबरटांना दिलेला एकच मंत्र: "भीती डोक्यात असते, ब्रेक पायाखाली असतो." माणूस वाईट नव्हता हो. धाकटी पडून असली की दर आठवड्याला भाजीची भरलेली पिशवी घेऊन जिना चढायचे. पण पिशवी खाली ठेवायची आणि भाषण सुरू करायचं, हा त्यांचा शिरस्ता. "मनावर घेऊ नकोस. ऊठ, तोंड धू, एक चक्कर मारून ये." धाकटी भिंतीकडे बघत "हो दादा" म्हणायची आणि ते गेल्यावर आणखी दोन दिवस उठायची नाही.

एकदा जेवणाच्या टेबलावर सुईबाईंनी त्यांना तोडलं होतं. "आजार आहे तो, दादा. नाटक नाही."

"आजार? मग रक्तात दाखव," दादा म्हणाले. "एक्स-रेत दाखव. इतकी वर्षं लोकांची रक्तं काढतेस ना तू? ज्या दिवशी रक्तात दाखवशील, त्या दिवशी मी कान पकडून हिच्यासमोर उभा राहतो. शब्द आहे माझा."

धाकटी तेव्हा ताटातलं चिवडत बसली होती. तिने मान वर केली नाही, पण सुईबाईंनी तिचा चेहरा पाहिला आणि तो त्यांच्या मनातून गेला नाही. हॉस्पिटलातली जुनी, मुरलेली नोकरी सोडून त्या या संस्थेत आल्या, त्याचं कारण बाकी सगळ्यांना त्यांनी "इथून घर जवळ पडतं" असं सांगितलं. खरं तर दोन बस बदलाव्या लागायच्या.

सहाव्या वर्षी खूण सापडली. मॅडम बिस्किटांचा पुडा घेऊन स्वतः खोलीत आल्या. एकशेचाळीस आजारी माणसं आणि एकशेचाळीस निरोगी, दोन्हींच्या आकड्यांत स्पष्ट फरक होता. गंमत म्हणजे फरक उलटा होता. आजाऱ्यांत ते संप्रेरक जास्त असेल असं वाटलं होतं, निघालं कमी. मॅडमनी त्यावर बराच विचार केला होता. "ओरडून ओरडून घसा बसतो ना, तसं त्या ग्रंथींचं होत असणार," त्या म्हणाल्या. दीड महिन्याने मोठी परिषद होती, तिथे त्या हे मांडणार होत्या. एक्सप्रेसने एका दमात चार बिस्किटं खाल्ली. सुईबाईंनी एक घेतलं आणि ते हातातच राहिलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी दादांना धाकटीच्या घरी बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. दादांनी दोनदा विचारलं, "रक्तात? नक्की?" मग उठले, खुर्ची मागे सरकवली आणि खरोखरच दोन्ही कान पकडून धाकटीसमोर उभे राहिले. "चुकलं माझं," म्हणाले. "इतकी वर्षं चुकलं."

धाकटी चहा करायला आत गेली. आत बराच वेळ नळ चालू राहिला. बाहेर आली तेव्हा डोळे लाल, पण आवाज नेहमीचा होता. "कान सोड दादा, पडतील." मग तिघंही हसले. लहान असतानाही ते असे एकत्र हसले असतील, पण सुईबाईंना तसं काही आठवेना.

इथवर सगळं छान चाललं होतं. मग एक्सप्रेसच्या बायकोला मुलगी झाली.

एक्सप्रेस दोन आठवडे रजेवर गेला आणि सुईबाईंनी दोन्ही टेबलं सांभाळली. मॅडमना आणखी थोडी माणसं हवी होती, त्यामुळे रांग होतीच. आजारी काय आणि निरोगी काय, सगळ्यांच्या मांडीवर बरणी आली. रजा संपली त्या सोमवारी मॅडम कागद घेऊन आल्या, कपाळावर आठ्या. गेल्या दोन आठवड्यांतल्या निरोगी माणसांचे आकडेही आजाऱ्यांइतकेच खाली आले होते.

"चोवीस धडधाकट माणसं एकदम आजारी कशी पडतील?" मॅडम म्हणाल्या. मोजणीचं यंत्र तपासून झालं होतं, ते ठीक होतं. नमुने ठेवायच्या फ्रीझरवर संशय होता. तो बिचारा उणे ऐंशीवर मुकाट उभा होता, तरी त्याला बघायला मेकॅनिक बोलावला होता. "फ्रीझरचंच काही तरी असणार. हे दोन आठवडे गाळूनच टाकते. परिषद तोंडावर आलीये."

सुईबाई बरणी पुसत होत्या. फडकं फिरवता फिरवता त्यांचा हात थांबला.

आजारी माणसं घाबरलेली असतात, त्यांना सुईबाईंकडे पाठवा, त्यांचा हात हलका आहे, हे पहिल्याच महिन्यात मॅडमनीच सांगून ठेवलं होतं. मायेपोटीच सांगितलं होतं. त्यामुळे सहा वर्षं आजारी माणसं पडद्याच्या या बाजूला बसली, मांडीवर बरणी घेऊन, वीस-वीस मिनिटं. निरोगी माणसं त्या बाजूला गेली आणि धापा टाकत असतानाच त्यांना टोचलं गेलं. नियम तर असा होता की माणूस आल्यापासून पाच मिनिटांत रक्त घ्यायचं. नियमांच्या वहीच्या अकराव्या पानावर तो होता आणि खाली सुईबाईंची सहीही होती. पाच मिनिटांत माणूस नीट टेकतसुद्धा नाही, असं मनाशी म्हणून त्यांनी पान उलटलं होतं. नळीवर चिकटवायची चिठ्ठी खाली दाराशी छापली जायची, तिच्यावर माणूस आल्याची वेळ असायची. ती चिठ्ठी त्या तशीच लावायच्या. खोटं त्यांनी कुठे लिहिलं नव्हतं, पण खरंही लिहिलं नव्हतं.

म्हणजे यंत्राने सहा वर्षं आजार आणि आरोग्य यातला फरक मोजलाच नव्हता. त्याने सुईबाई आणि एक्सप्रेस यातला फरक मोजला होता.

आता गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. मॅडम ते दोन आठवडे गाळणारच होत्या. फ्रीझरला काही तोंड नव्हतं. त्या संध्याकाळी सुईबाई बस बदलून धाकटीकडे गेल्या, तर ती पायाने यंत्र चालवत, दातात दोरा धरून बसली होती.

"दादा परवा येऊन गेला," दोरा तोडत ती म्हणाली. "पिशवी ठेवली. मी म्हटलं आता भाषण. तर म्हणतो, बरी आहेस ना? आणि गेला. ताई, मला इतकं हलकं वाटलं की मी उगाचच जिन्यापर्यंत पोचवायला गेले त्याला."

सुईबाई "हं" म्हणाल्या. चहा प्यायल्या, दोन कोटांची अस्तरं टाचून दिली आणि निघाल्या. परतीच्या बसमध्ये त्यांनी स्वतःशी बरंच भांडण केलं. त्यांना आपल्या बहिणीचं सुख हवं होतं आणि त्यात त्यांना काहीच गैर वाटत नव्हतं. पण मग दुसऱ्याच कुणाची तरी धाकटी डोळ्यांसमोर यायला लागली. तिचं रक्त तपासतील, आकडा बरोबर निघेल, आणि कुणी तरी शहाणा या खोट्या खुणेच्या जोरावर तिला सांगेल, तुला काही झालेलं नाही, ऊठ, तोंड धू. आपल्या धाकटीची माफी त्या मुलीच्या जिवावर विकत घ्यायची का? थांबा आला तेव्हा त्यांचं ठरलं होतं, आणि ठरल्यामुळे त्या चिडल्याही होत्या.

सकाळी त्या मॅडमच्या खोलीत गेल्या, दार लावलं आणि बरणी टेबलावर ठेवली.

"फ्रीझरवाल्याला येऊ नका म्हणून कळवा," त्या म्हणाल्या. "बिघाड माझा आहे."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी केसातलं पेन काढलं, पुन्हा खोचलं, आणि विचारलं, "वीस मिनिटं? प्रत्येकाला?"

"कुणाला पंचवीस. न्यायाधीशांना चाळीस, पण ते रक्त काढल्यानंतर."

आठवडाभर मॅडमनी माणसं उलटसुलट करून पाहिली. आजारी एक्सप्रेसकडे, निरोगी सुईबाईंकडे. आकडेही गुमान उलटे झाले. मग मॅडमनी परिषदेला पत्र लिहून आपलं नाव मागे घेतलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी जेवल्या, आणि तिसऱ्या दिवशी खोलीत येऊन सुईबाईंच्या खुर्चीत बसल्या.

"सहा वर्षं मी नळीत बघत होते," त्या म्हणाल्या. "नळी भरणाऱ्या हाताकडे एकदाही बघितलं नाही. सुईबाई, तुम्ही नियम मोडलात."

"हो." सुईबाईंनी कपाटाच्या किल्ल्या आधीच पर्समधून काढून हातात धरल्या होत्या.

"आणि नियमच चुकीचा होता. घाबरलेल्या माणसाचं रक्त घेऊन आपण भीतीच मोजत होतो. ठेवा त्या किल्ल्या. आता सगळे वीस मिनिटं बसणार, आणि खरी वेळ तुम्ही हाताने लिहिणार. आणखी एक बरणी लागेल."

सुईबाईंचा जीव भांड्यात पडला. आणि खूण? ती बहुधा एकटी नसेलच, मॅडम म्हणाल्या. दहा-बारा बारीक खुणा एकत्र धराव्या लागतील, आणि तरी सगळ्या आजाऱ्यांत त्या सारख्या निघणार नाहीत. वेळ लागेल. एक्सप्रेसने आपल्या बाजूच्या बरणीकडे बघून "मी इथे बटणं सांभाळायला आलोय का?" म्हणून दोन दिवस तोंड पाडलं. तिसऱ्या दिवशी तो पडद्यापलीकडे एका बाईंशी हुज्जत घालत होता, की ते बटण निळं नाही, जांभळं आहे.

संस्थेतलं असं निभावलं. घरचं बाकी होतं.

सुईबाईंनी रविवारी दोघांनाही समोर बसवून सांगितलं. दादांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे रक्तात काही नाही."

"अजून सापडलं नाही, असं आहे ते."

"तेच ते. मग माझी माफी परत द्या." दादा हसून म्हणाले, पण अर्धंच हसून. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसली गत.

"दिली," धाकटी म्हणाली. तीही हसली. मग उठली आणि यंत्रावर चादर टाकली. संध्याकाळ झाली होती, रोजच टाकायची. पण सोमवारी सुईबाई गेल्या तर चादर तशीच होती, मंगळवारीही तशीच.

"पडलीयेस का?" त्यांनी घाबरून विचारलं.

"नाही गं. ते वेगळं, हे वेगळं." धाकटी खिडकीशी बसून बटणं निवडत होती, एक्सप्रेसच्या बरणीसाठी. "खूण गेली म्हणून मला काही वाटलं नाही, ताई. तू खरं बोललीस ते बरंच केलंस. माफी परत घ्यायला तो किती पटकन तयार झाला, ते लागलं मला."

लहानपणापासून सुईबाईंनी दादांना कशातही हरताना पाहिलं नव्हतं, आणि हरल्यावर हा माणूस कसा दिसतो हेही त्यांना माहीत नव्हतं.

नव्याने मोजायचं म्हणजे नवी निरोगी माणसं हवी होती, साठीपुढची तर फारच. सुईबाईंनी हे सहज बोलून दाखवलं, तर दादा म्हणाले, "मी येतो. बासष्ट वर्षांत डोकं दुखलं नाही माझं. निरोगी माणूस म्हणजे काय ते तुमच्या मॅडमना बघू दे एकदा." तपासणीसाठी म्हणून दादांनी आजवर कधी रक्त दिलं नव्हतं. तशी वेळ आली की त्यांना नेमकं काहीतरी काम निघायचं. सुईबाईंच्या हे लक्षात आलं, पण फार उशिरा.

गुरुवारी सकाळी आठला दादा इस्त्रीच्या शर्टात हजर झाले. धाकटीही आली होती, बटणांची पिशवी द्यायला. दादा खुर्चीत बसले, बरणी मांडीवर घेतली आणि पहिल्या पाच मिनिटांतच एक जोडी काढून दाखवली.

"ही घे."

"याला चार भोकं आहेत, त्याला दोन," धाकटी म्हणाली.

"चालतं. लांबून कुणाला दिसतंय?"

वीस मिनिटं दादा बोलत होते. गाडी शिकायला आलेली एक बाई स्टिअरिंग सोडून देवाला हात जोडायची ते सांगितलं, आणि तिलाही आपण कसं सरळ केलं तेही सांगितलं. पडद्यापलीकडून एक्सप्रेस हसत होता. मग सुईबाईंनी दंडाला रबर बांधला, बोट टेकवलं. शीर गुणाची होती. "इकडे बघ दादा, धाकटीकडे," त्या म्हणाल्या.

"कशाला? मी सुईकडेच बघणार. भीती डोक्यात..."

वाक्य तिथेच राहिलं. सुई अजून कातडीला लागलीही नव्हती. दादांच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले, ओठ पांढरे पडले. "मी ठीक आहे," ते अगदी स्पष्ट म्हणाले, आणि खुर्चीत खाली घसरले.

एकतीस वर्षांचा अनुभव उगाच नसतो. दादांची मान कलायच्या आत सुईबाईंनी सुई बाजूला टाकली होती, रबर सोडला होता आणि खुर्चीची पाठ खाली केली होती. धाकटीने न सांगता दादांचे पाय उचलून स्टुलावर ठेवले. बरणी खाली पडून फुटली नाही, पण उपडी झाली, आणि खोलीभर बटणं पळाली. घाबरण्यासारखं काही नव्हतं. डोळ्यांना सुई दिसते, मेंदू एका मज्जातंतूतून हृदयाला हळू चाल म्हणून सांगतो, रक्तवाहिन्या सैल पडतात, डोक्यातलं रक्त खाली उतरतं, आणि माणूस आडवा होतो. पहिलवानही होतात. आपल्याला कुणी विचारत नाही.

मिनिटभरात दादांनी डोळे उघडले. वर छत, आणि छताच्या अलीकडे दोन बहिणींची तोंडं.

"काय झालं?"

"चक्कर आली तुला," सुईबाई म्हणाल्या.

"मला? नाश्ता कमी पडला असेल."

"दोनदा केलास. वहिनींनी फोन करून सांगितलंय."

दादा उठायला गेले, जमेना. हात हलवायला गेले, तो कुणा दुसऱ्याचाच असावा तसा पडून राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं जे सुईबाईंनी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. धाकटी त्यांच्यावर वाकली, आणि अगदी त्यांच्याच आवाजात, मान हलवत म्हणाली, "मनावर घेऊ नकोस. ऊठ, तोंड धू, एक चक्कर मारून ये."

पडद्यापलीकडे एक्सप्रेस फसकन हसला. दादा हसले नाहीत.

"मी मुद्दाम नाही केलं गं," ते म्हणाले.

"माहीत आहे." धाकटीने रुमालाने त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला. "मीपण मुद्दाम नव्हते करत, दादा."

सुईबाईंनी कागद पुढे ओढला. वेळेच्या रकान्यात आठ वाजून पस्तीस मिनिटं, खरी. नमुन्यापुढे लिहिलं, मिळाला नाही. कारणाच्या रकान्यात त्या काय लिहावं म्हणून थांबल्या. अक्षरंही ओली दिसायला लागली होती, मग चष्मा पुसला आणि "चक्कर" एवढंच लिहिलं.

मागे दादा हात उचलायची खटपट करत होते. "आता काय करतोयस?" सुईबाई ओरडल्या. "हलायचं नाही म्हटलं ना. वीस मिनिटं."

"कान पकडायचे आहेत मला."

"नंतर पकड. हात खाली."

"नंतर नको." दादांनी मान जराशी वळवली, तेवढीच वळत होती. "धाकटे, मग तूच पकड."

धाकटी खाली बसून बटणं गोळा करत होती. ओंजळभर बटणं तिने बरणीत टाकली, हात झटकले, पुढे झाली आणि दादांचा उजवा कान दोन बोटांत धरला. कान गार पडला होता. तो गरम होईपर्यंत तिने सोडला नाही.